वृद्धाश्रमातलं घाण झालेलं धुणं सुरक्षित कसं हाताळायचं? धुणाऱ्या मावशींना त्रास होतोय, मदत हवी

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा प्लीज.

मी मखमलाबादच्या बाजूला एका छोट्या वृद्धाश्रमाचं काम बघतो. २६ आजी-आजोबा आहेत, त्यातले ९ अंथरुणाला खिळलेले, म्हणजे शी-शू सगळं जागेवरच. डायपर वापरतो पण रात्रीतून गळतंच, त्यामुळे रोज सकाळी १५-२० चादरी, तेवढेच अभ्रे, गाऊन, पायजमे, टॉवेल असा ढीग पडतो.

आमची पद्धत सांगतो, काही लपवत नाही. मावशी सकाळी सगळ्यांचे कपडे बदलतात, काढलेलं सगळं खोलीच्या दाराशी जमिनीवर टाकतात, मग एक जण ते कवेत घेऊन मागच्या मोरीत नेते. तिथे चादरी झटकून मोजायच्या, कारण चादरी बाहेरच्या लॉन्ड्रीला जातात आणि हिशोब लागतो. अंगावरचे कपडे आम्हीच धुतो, एका मोठ्या टबात डेटॉलच्या पाण्यात सगळ्यांचे एकत्र भिजवायचे आणि तासाभराने सेमी-ऑटोमॅटिक मशीनला लावायचे. वर्षानुवर्षं असंच चाललंय.

गेल्या महिन्यात एका आजोबांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाच दिवसांत ११ जण पडले, दोघींना सलाईन लावावं लागलं, मग आमच्या दोन मावशीही आजारी. ते निस्तरतंय तोच आता धुणं धुणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटलीये, रात्री झोप नाही, आणि दोन आजोबांनाही तसंच होतंय. काल मावशी मला म्हणाल्या, "दादा, घरी नातवाला जवळ घ्यायची भीती वाटते हो." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

डेटॉल पुरतं का? गरम पाणी लागतं का, लागत असेल तर किती गरम? हॉस्पिटलसारखी मोठी मशीन घ्यायची तर लाखांच्या घरात जाते आणि ट्रस्टकडे तेवढे पैसे नाहीत. गच्चीवर सोलर आहे, दोन सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहेत, मागे मोठं अंगण आहे. एवढ्यात काय करता येईल ते सांगा.

पंचवटी_७७

दादा डेटॉलचं प्रमाण वाढवा आणि सोबत ब्लिचिंग पावडर टाका. आमच्या चाळीत तर ब्लिचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड दोन्ही थोडं थोडं टाकून पायपुसणी भिजवतात, एकदम पांढरीशुभ्र निघतात आणि वासही जातो.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

पंचवटीकर दादा, तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत पण हे आधी थांबवा आणि चाळीतही सगळ्यांना सांगा. ब्लिचिंग आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत वाकून काम करणाऱ्या बाईच्या फुप्फुसाला त्याने गंभीर इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. लघवीने भिजलेल्या कपड्यावर थेट ब्लिचिंग ओतलं तरी लघवीतल्या अमोनियामुळे डोळे-घसा जाळणारा वायू तयार होतो. "कालपासून मोरीत खोकला येतोय" असं कुणी म्हणालं तर तिथे काय काय मिसळलं जातंय ते आधी बघा.

आता मखमलाबादकर दादा. मी ३० वर्षं वॉर्डात काढली, मेडिकल, सर्जिकल, दोन्हीकडे. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमची अडचण डेटॉलच्या बाटलीत नाहीये, तुमचा कपडा पलंगापासून मशीनपर्यंत जातो त्या वाटेत आहे. जमिनीवर टाकला, कवेत घेतला, झटकला, मोजला, या चार ठिकाणी त्यातली घाण मावशींच्या अंगावर, हवेत आणि फरशीवर गेली, आणि मग तुम्ही तो डेटॉलमध्ये बुडवला. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

पलंगावरूनच सुरू करा. चादर काढताना कडा आत घेत घेत मधल्या बाजूला गुंडाळायची, ओली-घाण बाजू आत राहिली पाहिजे. झटकायची नाही, कधीच नाही. घट्ट शी असेल तर जुन्या कार्डबोर्डच्या तुकड्याने किंवा टाकून द्यायच्या कागदाने उचलून संडासात टाकायची, तिच्यावर जेटचा फवारा मारायचा नाही, कारण तोंडावर शिंतोडे उडतात आणि दिसत नाहीत इतके बारीक असतात. मग गुंडाळी पलंगापाशीच पिशवीत. म्हणजे पिशवी माणसाकडे गेली पाहिजे, कपडा घेऊन माणूस पिशवीकडे जाता कामा नये. पिशवी पाऊण भरली की गाठ, आणि अंगापासून लांब धरून न्यायची, ढकलगाडी असेल तर उत्तमच. खाली फरशीवर काही ठेवायचं नाही.

मावशींना जाड रबरी ग्लोव्ह्ज द्या, भांडी घासायला मिळतात तसले कोपरापर्यंतचे, पातळ सर्जिकल नकोत, ते पिळताना फाटतात. प्लास्टिकचा एप्रन, आणि भिजवताना-खळबळताना मास्क आणि चष्मा. ग्लोव्ह्ज काढल्यावर साबणाने हात धुवायचे, ग्लोव्ह्ज होते म्हणून हात स्वच्छ असं नसतं. आणि हो, जुलाब-उलट्यांच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरससारखे जंतू अल्कोहोलला फारसे दाद देत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

एक विचारते, खरं सांगा. धुणं धुणाऱ्या मावशी दिवसभरात अजून काय काम करतात?

मखमलाबादकर

सिस्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळा आला. त्याच मावशी साडेअकराला स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला जातात. हात धुतात, पण तीच साडी, तोच पदर. आजोबा आजारी पडले त्या आठवड्यातही जात होत्या. आमच्याकडे माणसंच कमी आहेत म्हणून मीच तसं लावून दिलं होतं.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

कळलं तर निम्मं काम झालं, स्वतःला दोष देत बसू नका, उद्यापासून बदला. ज्या दिवशी धुणं त्या दिवशी स्वयंपाक नाही. आलटून पालटून करा, आज ही धुण्याला, ती पोळ्यांना, पण एकाच दिवशी दोन्ही नाही. धुण्याच्या कामाला वेगळा गाऊन द्या, तो तिथेच काढायचा, आश्रमातच धुवायचा, घरी न्यायचा नाही. आणि ज्यांना जुलाब-उलट्या झाल्या त्यांना त्रास पूर्ण थांबल्यावर अजून ४८ तास कामावर घेऊ नका. पगार कापू नका मात्र, कापलात की पुढच्या वेळी मावशी आजार लपवून येतील. हे मी वॉर्डात कितीदा बघितलंय.

खाजेचं. बोटांच्या बेचक्यात, रात्री जास्त, आणि एकाहून जास्त जणांना, म्हणजे खरूज असायची दाट शक्यता आहे, पण डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. खरजेचा किडा पहिल्यांदाच लागला असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात, म्हणून ज्यांना आज खाज नाही त्यांनाही लागण झालेली असू शकते. डॉक्टर बहुतेक ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतील, ते सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, आजी-आजोबा, मावशी, आणि मावशींच्या घरचेसुद्धा. एकेकाने सवडीने लावलं तर किडा इकडून तिकडे फिरत राहतो. आठवड्याभराने पुन्हा लावायला सांगतील, तेही चुकवू नका. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मलम लावलं त्या दिवशीच्या आणि त्याआधीच्या तीन दिवसांतल्या चादरी, कपडे, टॉवेल गरम पाण्यात धुवा, ५० अंशांच्या वर दहा मिनिटं मिळाली तर किडे मरतात. जे धुता येत नाही, लोकरी शाली, कानटोप्या, ते पिशवीत घालून घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, आठवडा म्हणजे खात्रीच.

आणि नातवाचं मावशींना सांगा, उपचार पूर्ण झाला की खुशाल जवळ घ्या.

लॉन्ड्रीवाला_अंबड

सिस्टरांनी मुळावर बोट ठेवलं. मी १४ वर्षं हॉस्पिटलांची धुणी घेतोय, आमच्या बाजूने सांगतो.

आधी ते मोजणं बंद करा. सगळीकडे हाच प्रकार, घाण चादरी उघडून एक-दोन-तीन करतात कारण लॉन्ड्रीवाल्यावर विश्वास नसतो. तुम्ही पलंगांची संख्या ठरलेली ठेवा, ज्या पलंगावरून चादर निघाली तिथे धुतलेली घातली की हिशोब आपोआप लागतो, आणि परत आलेल्या स्वच्छ चादरी मोजा. मी माझ्या सगळ्या पार्ट्यांना हेच सांगतो, दोघी-तिघांनी कुरकुर केली पण ऐकलं. पिशवीवर वेगळी खूण मात्र करा, आम्ही लाल रिबिन बांधायला सांगतो, म्हणजे जुलाबाची, रक्ताची, जखमेच्या पुवाची पिशवी आमच्या पोरांना न उघडता कळते.

दुसरं म्हणजे पिशवीत काय काय येतं ते ऐका. कवळी, कानाचं मशीन, चष्मा, जपमाळ, सुट्टे पैसे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इन्सुलिनच्या सुया. माझ्या एका पोराला सुई टोचली होती, तीन महिने घरच्यांची झोप उडाली होती. चादर गुंडाळायच्या आधी एक नजर फिरवा, हात आत घालून चाचपू नका. आणि कुणाला टोचलीच तर जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सिव्हिलला जायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. मावशींना हेपटायटीस बीची लस द्या, तीन डोस असतात, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तो विषाणू सुकलेल्या रक्तात सात दिवस तरी जिवंत राहतो, म्हणून वाळलेला डाग म्हणजे सुरक्षित असं समजू नका.

तापमानाचं सांगतो. आमच्या मोठ्या मशीनला ७१ अंशावर किमान तीन मिनिटं किंवा ६५ अंशावर किमान दहा मिनिटं धरतो, त्यात पाणी आणि कपडा सगळीकडे तेवढा तापायचा वेळ वेगळा धरायचा. घरच्या सेमी-ऑटोमॅटिकला हीटर नसतो आणि टब प्लास्टिकचा, कंपनीच्या पुस्तकात किती गरम पाणी चालतं ते बघून मगच ओता. सोलरचं म्हणाल तर उन्हाळ्यात दुपारी मस्त कडक पाणी येतं, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला आपल्या नाशकात हात घातला तर कोमट, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे सोलर आहे म्हणजे गरम पाणी आहे असं धरून चालू नका, थर्मामीटर बुडवून बघा, दोन-तीनशे रुपयांत मिळतो.

मशीन ठेचून भरू नका. पाऊण भरा, कपडा आत गरगर फिरला पाहिजे, कोंबलेल्या कपड्यांच्या मधोमध पाणीही जात नाही आणि पावडरही.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

मशीन नसेल तर जुनी पद्धत आहेच आणि ती अजूनही मान्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेनेही कोविडच्या वेळी हेच सांगितलं होतं. मोठा ड्रम, त्यात गरम पाणी आणि साबण पावडर, कपडे टाकून लांब काठीने ढवळायचे, शिंतोडे उडू द्यायचे नाहीत. मग ते पाणी टाकून ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवायचे, नंतर साध्या पाण्यात खळबळून उन्हात.

०.०५ टक्के म्हणजे काय ते सोपं करून सांगते, कारण इथेच चुका होतात. बाटलीवर ५ टक्के हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पातळ ब्लीच, लिहिलं असेल तर १० लिटरच्या बादलीला १०० मिली. १० टक्के लिहिलं असेल तर ५० मिली. ब्लिचिंग पावडर साधारण ३० टक्क्यांची धरली तर १० लिटरला १७ ग्रॅमच्या आसपास, आधी थोड्या पाण्यात कालवून वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं, नाहीतर कपड्याला भोकं पडतात. रोज सकाळी ताजं करा, कालचं पाणी वापरू नका, ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर जातो. गरम पाण्यात हायपो टाकू नका.

आणि क्रम लक्षात ठेवा, आधी धुणं आणि मग हायपो. उलटं केलं तर क्लोरीनची सगळी ताकद घाणच खाऊन टाकते, जंतूपर्यंत पोचतच नाही. तुमचं डेटॉलचं पाणी तासभर घाण कपड्यांसोबत राहत होतं, त्याचंही थोडंफार हेच होत होतं, शिवाय एका आजोबांची घाण त्या पाण्यातून २५ जणांच्या कपड्यांत जात होती. रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाण्यात, गरम पाण्याने रक्त कपड्यात बसतं आणि मग जन्मात निघत नाही. लोकर, रेशीम, रंगीत टेरिकॉट हायपोत नको.

मेलबर्नची_नाशिककर

मी मूळची इंदिरानगरची, इथे मेलबर्नमध्ये एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या देखभालीच्या ठिकाणी, सहा वर्षं काम करतेय. इथली पद्धत सांगते, सगळंच्या सगळं जमणार नाही पण काही गोष्टींना पैसे लागत नाहीत.

इथे लॉन्ड्रीसाठी एएस/एनझेडएस ४१४६ नावाचं स्टँडर्ड आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघांचं मिळून, लॉन्ड्रीवाल्या दादांनी ६५ आणि ७१ चे जे आकडे दिले तेच त्यातही आहेत. आमच्या लॉन्ड्रीला दोन बाजू आहेत, एका दाराने घाण आत येतं, दुसऱ्या दाराने स्वच्छ बाहेर जातं, दोन्ही कधीच समोरासमोर येत नाहीत, हवासुद्धा स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे वाहील अशी सोय असते. जुलाबवाल्यांचे कपडे पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत येतात, ती पिशवी न उघडताच मशीनमध्ये टाकायची, आत विरघळते. त्या पिशव्या तिकडे महाग पडतील, नसल्या तरी चालेल, साधी पिशवी मशीनच्या तोंडाशी नेऊन आतला कपडा हात न लावता सरळ आत उलटा केला तरी बरंच साधतं.

दोन दारं नसली तर जमिनीवर रंगाचा पट्टा ओढा. मनापासून सांगते, मी नवीन होते तेव्हा मला सगळ्यात जास्त मदत त्या पट्ट्याने झाली. पट्ट्याच्या अलीकडे घाण, पलीकडे स्वच्छ, अलीकडचे ग्लोव्ह्ज घालून पलीकडे जायचं नाही. धुतलेले कपडे ज्या टोपलीत घाण आणले त्याच टोपलीत परत, हे मी तिकडे माझ्या आजीच्या वेळी एका ठिकाणी बघितलंय आणि तेव्हा मला त्यात काही चूक वाटलं नव्हतं.

आणि एक, इथे आम्हाला शिकवतात की सगळ्यांचेच घाण झालेले कपडे सारख्याच काळजीने हाताळा, आजार माहीत असो वा नसो. कारण ज्याचं निदान झालेलं नाही त्याच्याकडूनच जास्त धोका असतो. त्यामुळे लाल रिबिन ठीक आहे पण बाकीच्या पिशव्या निर्धोक असं मावशींच्या मनात बसू देऊ नका.

सिडकोकर

थोडं वेगळं लिहितोय, पण विषय हाच आहे.

माझी आई दोन वर्षं एका आश्रमात होती, नाव घेत नाही. तिला तिच्या आईने शिवलेली गोधडी होती, जुन्या नऊवारींची, मधल्या थरात आजीचं लग्नातलं लुगडं आहे असं ती सांगायची. कितीही थंडी असू दे, ब्लँकेट नको, तीच लागायची. एकदा रात्री आईला जुलाब झाले आणि गोधडी खराब झाली. सकाळी तिथल्या लोकांनी ती कचऱ्यात टाकली. मला फोनवर नुसतं सांगितलं, "इन्फेक्शन होतं, फेकून दिली." आईला त्यानंतर तीन-चार दिवस कुणी बोलतं करू शकलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

मला त्या लोकांचा राग नाही, त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार. पण मला आजही कळत नाही की ती धुता आली असती का? मखमलाबादकर दादा, तुमच्याकडेही अशा गोधड्या असतील, म्हणून विचारतो.

वॉर्डसिस्टर_निवृत्त

दादा, वाचून फार वाईट वाटलं. धुता आली असती. सुती गोधडी आहे, आपल्या बायका शेकडो वर्षं नदीवर धुवत आल्यात त्या. खरवडून घाण काढायची, गार पाण्यातून काढायची, मग मोठ्या ड्रममध्ये गरम पाणी आणि साबण, काठीने दाबत राहायचं, पाणी दोनदा बदलायचं, आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी पूर्ण खडखडीत वाळवायची. रंग जायची भीती असते म्हणून हायपो टाळून गरम पाण्यावर भर द्यायचा. ती ओली असताना एका बाईला उचलत नाही इतकी जड होते, दोघी लागतात, म्हणूनच लोक फेकतात.

टाकून द्यायची वेळ कधी येते? चिंध्या झाल्या असतील, रक्ताने-पुवाने इतकी भरली असेल की निघणारच नाही, तेव्हा. आणि तेव्हाही घरच्यांना विचारून. हॉस्पिटलमध्ये तशी टाकून द्यायची चादर-गादी पिवळ्या पिशवीत जाते, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत तसं लिहिलंय.

मखमलाबादकर दादा, यावर सोपा उपाय म्हणजे खोळ. प्रत्येक गोधडीला, रजईला जुन्या चादरीची खोळ शिवून घ्या, बांधायला नाड्या. घाण झाली तर खोळ निघते, आतलं बहुतेक वेळा वाचतं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या चादरीखाली मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी शीट, असेलच, त्यावर आडवी ड्रॉ शीट, म्हणजे कमरेखालची छोटी चादर, घाला, म्हणजे रोज पूर्ण चादर बदलायला लागणार नाही, तुमच्या १५-२० चादरींच्या निम्म्या होतील. मॅकिन्टॉश रोज साबणाने पुसून वाळवायचं, घडी घालायची नाही, गुंडाळून ठेवायचं, नाहीतर घडीवर चिरा पडतात आणि चिरांत घाण साचते.

अजून एक सांगते कारण फार बघितलंय. टीबीवाल्याची चादर वेगळी जाळतात, एचआयव्हीवाल्या आजोबांचे कपडे कुणी शिवत नाही. टीबी हवेतून पसरतो, चादरीतून नाही. एचआयव्हीसुद्धा कपडे धुण्याने कुणाला होत नाही, रक्त असेल तर ग्लोव्ह्ज घालायचे, ते सगळ्यांच्याच रक्ताला घालायचे असतात. त्या माणसाला वेगळं पाडू नका.

सिडकोकर

धन्यवाद सिस्टर. आई आता नाही, पण हे कळायला हवं होतं मला.

मखमलाबादकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, कामात होतो.

डॉक्टर येऊन गेले, खरूजच होती. रविवारी सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावलं, २६ आजी-आजोबा, आम्ही सात जण आणि मावशींच्या घरचे पाच, पुढच्या रविवारी पुन्हा. मलम लावायला कॉलेजची चार मुलं मदतीला आली होती. धुण्याचा ढीग त्या दिवशी अंगणात डोंगराएवढा झाला होता. एका आजींनी शाल पिशवीत बांधून ठेवू दिली नाही, रडायला लागल्या, मग मी त्यांना कॅलेंडरवर तारीख लिहून दिली की या दिवशी परत देणार, आणि त्या रोज मोजत होत्या. दिली त्या दिवशी.

मोरीत पिवळा पट्टा मारला. मेलबर्नच्या ताई, तुमचं खरं आहे, पहिल्याच दिवशी एक मावशी दुसरीला म्हणाल्या, "अगं पट्ट्याच्या आत ये आधी." स्वच्छ कपड्यांना निळ्या टोपल्या आणि घाणीला काळ्या पिशव्या. आमच्या लॉन्ड्रीवाल्याने मोजणी सोडायला आधी नकार दिला, मग पलंगाचा हिशोब दाखवल्यावर तयार झाला. धुण्याच्या मावशी आता स्वयंपाकघरात जात नाहीत, पोळ्यांना वेगळी बाई लावली, महिन्याचे पैसे मीच दोन ठिकाणी फिरून उभे केले. डायपर आधी उघडेच कचऱ्यात जायचे, आता कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घंटागाडीला देतो, गाडीवरची पोरंही माणसंच आहेत हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. हेपटायटीसचा पहिला डोस झाला.

एक चूक झाली तीही सांगतो. पहिल्या आठवड्यात हायपो अंदाजाने ओतलं, सहा गाऊन पिवळे-पांढरे डाग पडून गेले आणि मावशींचे डोळे चुरचुरले. आता भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, १० लिटरला १०० मिली, आणि मापाचा मग साखळीने बांधून ठेवलाय. मोरीला एक्झॉस्ट पंखाही बसवला.

खोळी शिवायचं काम दोन आजींनी घेतलंय. त्यातल्या एकींना नीट दिसत नाही, त्या नाड्या ओवतात. आतापर्यंत ११ झाल्या.

आता अडकलोय ते पावसाळ्यात. गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये चादरी तीन-तीन दिवस वाळल्या नव्हत्या, ओलसरच घालाव्या लागल्या, कुबट वास यायचा. अंगणात पत्रा टाकतोय, पण पुरेल का? आणि सोलर तेव्हा बंदच असल्यासारखं.

लॉन्ड्रीवाला_अंबड

दमट चादर घालू नका, त्याने बेड सोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, वाढतात आणि बुरशीही धरते. पत्र्याखाली दोऱ्या एकमेकींपासून हातभर अंतरावर बांधा, चादरी दुमडून टाकू नका, आणि एका टोकाला मोठा पंखा लावा, हवा खेळली की ऊन नसलं तरी एका दिवसात बऱ्यापैकी वाळतात. मग गरम इस्त्री फिरवा, उरलासुरला दमटपणा जातो. इस्त्री हा वाळवण्याचा शेवटचा टप्पा समजा, नुसती घडी बसवायला नाही. आजी-आजोबांच्या खोलीत दोऱ्या बांधू नका, कितीही मोह झाला तरी.

पाणी तापवायला तांब्याचा बंब बघा, जुन्या बाजारात अजून मिळतात, नाहीतर मोठा गीझर, पावसाळ्याचे चार महिने लाल रिबिनीच्या पिशव्यांपुरतं तरी पाणी तापवावंच लागेल. पैशाचं नंतर बघू, आमच्या शेडमध्ये एक जुनी हायड्रो, म्हणजे कपडे पिळायची मशीन, पडून आहे, मोटर चालू आहे, बेल्ट बदलावा लागेल. त्यातून काढलेली चादर अर्ध्या वेळात वाळते. तुम्हाला हवी असेल तर घेऊन येतो.

सोमवारी दुपारनंतर मोकळा आहे. ड्रम आणि काठी तयार ठेवा, मावशींनाही थांबायला सांगा, थर्मामीटर मी आणतो.